डीएसएन नाऊ : अवकाशयानांशी चाललेलं बोलणं दाखवणारं पान

डीएसएन म्हणजे डीप स्पेस नेटवर्क, दूरच्या यानांशी बोलणाऱ्या नासाच्या डिशचं जाळं. नासाचं 'डीएसएन नाऊ' हे पान फुकट आहे, खातं काढावं लागत नाही, मध्ये जाहिरात येत नाही. विज्ञानकथा वाचणाऱ्या माणसासाठी इंटरनेटवर याच्याइतकं मोलाचं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. निपाणीत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मराठी-कानडी लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, उतारे, ऊसबिलांच्या झेरॉक्स असलं काम. एका स्क्रीनवर पत्रिका आणि दुसऱ्यावर हे पान, असं माझं बरीच वर्षं चाललंय.

पानावर तीन ठिकाणं दिसतात : कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं गोल्डस्टोन, स्पेनमधलं माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातलं कॅनबेरा. पृथ्वीच्या गोलावर ही तिन्ही एकमेकांपासून साधारण १२० अंशांवर आहेत. त्यामुळे पृथ्वी फिरत राहिली तरी दूरचं यान एकाच्या आकाशातून मावळायच्या आत दुसऱ्याच्या आकाशात उगवलेलं असतं. प्रत्येक ठिकाणी ७० मीटर व्यासाची एक थोरली डिश आणि ३४ मीटरच्या काही. पानावर या डिशची चित्रं ओळीनं मांडलेली आहेत. जी डिश कामात असेल तिच्यावर त्या यानाचं छोटं नाव येतं. सिग्नल येत असेल तर लहरी खाली उतरताना दिसतात, पाठवणं चालू असेल तर वर जाताना. दर पाच सेकंदांनी माहिती ताजी होते.

डिशवर क्लिक केलं की बाजूला खरा खजिना उघडतो. डिश कुठल्या दिशेला किती अंशांवर रोखलेली आहे, यान किती किलोमीटर दूर आहे, प्रकाशाला जाऊन यायला किती वेळ लागेल, इथून किती किलोवॅटनं पाठवणं चाललंय, तिथून आलेल्या सिग्नलची शक्ती किती. तिथे वाऱ्याचा वेगसुद्धा लिहिलेला असतो, आणि मला तो फार आवडतो. कॅनबेराजवळच्या त्या दरीत आत्ता वारं सुटलंय आणि त्या वाऱ्यात उभी राहून एक डिश गुरूजवळच्या यानाचं ऐकतेय, हे कळलं की बातमीतलं 'नासा' एकदम माणसांचं होतं.

आपण वाचत आलो त्या कथांमध्ये कप्तान पृथ्वीशी फोनवर बोलावं तसा बोलतो. सवाल केला की जवाब. सगळेच लेखक असं करतात असं नाही, पण पुष्कळ करतात, आणि त्यात त्यांच्या हातून कथेतली सर्वांत मोठी गोष्ट निसटते असं मला हे पान बघून पक्कं वाटायला लागलं. व्हॉयेजर १ ला हाक मारून उत्तर ऐकायला आता जवळजवळ दोन दिवस लागतात. १९७७ च्या सप्टेंबरात निघालेलं हे यान नोव्हेंबर २०२६ मध्ये एक प्रकाश-दिवस अंतरावर पोचतंय. म्हणजे नुसतं जाणंच चोवीस तासांचं.

दुकानात झेरॉक्सला येणारे चिकोडीकडचे एक अज्जा आहेत. त्यांनी एकदा विचारलं, "हे रोज काय बघायलाय गा?" मी सांगितलं, अज्जा, हे यान इतकं लांब गेलंय की आज विचारलं तर परवा कळतं. ते जरा थांबले आणि म्हणाले, "मग तेला काय सांगायचं ते धा येळा बघूनच सांगाय पायजे की!"

अज्जांना ठाऊक नव्हतं, पण नेमकं हेच २०२३ च्या जुलैत घडलं होतं. व्हॉयेजर २ ला गेलेल्या आज्ञांमध्ये एक चूक राहिली आणि त्याचा अँटेना पृथ्वीपासून फक्त दोन अंशांनी सरकला. एवढ्यानं बोलणं बंद. हे यान दक्षिणेकडे इतकं खाली गेलंय की माद्रिद आणि गोल्डस्टोनला ते दिसतच नाही. त्याला आज्ञा पाठवू शकणारी डिश जगात एकच, कॅनबेराची ७० मीटरची. तिथल्या सर्वांत ताकदवान ट्रान्समीटरनं आज्ञा पाठवली गेली, तोंड फिरवून उभ्या असलेल्या माणसाला मोठ्यानं हाक मारावी तशी. जायला साडेअठरा तास, यायला तेवढेच. ४ ऑगस्टला यान पुन्हा बोलायला लागलं. ते सदतीस तास त्या खोलीतल्या लोकांनी कसे काढले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. कुणीतरी यावर मराठीत कथा लिहा. खलनायक नको, स्फोट नको, नुसते सदतीस तास पुरतील.

व्हॉयेजर १ ची गोष्ट तर याहून मोठी. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते अर्थ नसलेले आकडे पाठवायला लागलं. विज्ञानाची माहिती जुळवून पाठवणाऱ्या कॉम्प्युटरच्या मेमरीचा सुमारे तीन टक्के भाग खराब झाला होता, आणि तिथला प्रोग्राम एकगठ्ठा मावेल अशी दुसरी मोकळी जागा कुठेच नव्हती. मग त्याचे तुकडे करून इथे थोडा, तिथे थोडा असा बसवला आणि तुकड्यांना एकमेकांचे नवे पत्ते दिले. १८ एप्रिल २०२४ ला आज्ञा गेली, २० तारखेला उत्तर आलं. छेचाळीस वर्षं चाललेल्या यंत्राचं, सूर्याच्या वाऱ्याच्याही पलीकडे, हात न लावता ऑपरेशन! अशा बातमीला आपल्याकडे कोपऱ्यात दोन ओळी मिळतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

पानावर व्हॉयेजरचा डेटा रेट बघा. बहुतेक वेळा सेकंदाला १६० बिट असतो. माझ्याकडची ५ एमबीची लग्नपत्रिका त्या वेगानं पाठवायची तर जवळजवळ तीन दिवस लागतील.

सोबतीला व्हॉयेजरचं 'मिशन स्टेटस' पानही उघडून ठेवावं. तिथे पृथ्वीपासूनचं अंतर किलोमीटरमध्ये धावत असतं. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये जरूर बघा, कारण तेव्हा आकडा उलटा पळतो. सूर्यापासून सेकंदाला सतरा किलोमीटर वेगानं दूर जाणारं व्हॉयेजर १ पृथ्वीच्या जवळ येत असतं! यान वळलेलं नसतं. आपली पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटरनं पळते, आणि वर्षातले तीनेक महिने तिचं पळणं त्या यानाच्या रोखानं असतं. त्या दिवसांत आपण व्हॉयेजरला गाठायला निघालेलो असतो. पुढे वळण येतं आणि ते पुन्हा सुटतं. शाळेत पृथ्वीचं परिभ्रमण पाठ केलं होतं, ते अंगाला जाणवलं ते हा आकडा कमी होताना बघून.

आता थ्रीआय अॅटलासचं. बेळगाव, खानापूर, कोल्हापूरकडचे आम्ही काही वाचक व्हॉट्सअॅपवर एकत्र आहोत, त्यामुळे २०२५ च्या जुलैपासून धुमाकूळच होता. चिलीमधल्या अॅटलास दुर्बिणीनं १ जुलैला टिपलेला, दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला हा धूमकेतू म्हणजे तिसरा पाहुणा. आधीचे दोन म्हणजे २०१७ चा ओमुआमुआ आणि २०१९ चा बोरिसोव्ह. ते परग्रहावरचं यान असावं असं मलाही मनापासून वाटत होतं. आयुष्यभर अशा कथा वाचल्यावर दुसरं काय वाटणार? पण नोव्हेंबरात 'थ्रीआय अॅटलासकडून रेडिओ सिग्नल' असे व्हिडिओ फिरायला लागले तेव्हा या पानाची सवय कामाला आली. दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीला १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झला जे मिळालं ते कुणी पाठवलेलं नव्हतं. सूर्याच्या अतिनील किरणांनी पाण्याचे रेणू फुटतात, त्यातून हायड्रॉक्सिल तयार होतो, आणि तो ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर रेडिओ लहरी शोषतो. धूमकेतूत पाणी असल्याची ती खूण. पाठवलेला सिग्नल कसा असतो हे डीएसएन नाऊवर रोज दिसतं : ठरलेली फ्रिक्वेन्सी, ठरलेली वेळ, डेटा रेट. आणि खरं सांगतो, दुसऱ्या ताऱ्याजवळचं पाणी आपल्या अंगणातून गेलं हे मला यानापेक्षा कमी थरारक वाटलं नाही.

'नासा फोटो लपवतंय' हेही तेव्हाचंच. मंगळाभोवतीच्या यानानं २ ऑक्टोबरला फोटो काढला, अमेरिकेत सरकारी कामकाज बंद पडलं होतं म्हणून तो नोव्हेंबरात बाहेर आला. सुमारे तीन कोटी किलोमीटरवरून काढलेल्या त्या फोटोत एकेक पिक्सेल ३० किलोमीटरचा होता, त्यात धूसर पांढरा ठिपका दिसणार, दुसरं काय?

पानाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सगळं इंग्रजीत आहे आणि यानांची नावं आद्याक्षरांत, त्यामुळे नवख्याला सुरुवातीला काही उमगत नाही. शक्तीचे आकडे उणे डीबीएममध्ये असतात. आकडा उणेमध्ये जितका मोठा तितका सिग्नल क्षीण, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. छोट्या मोबाइलवर मजा नाही, लॅपटॉप घ्या.

पण मला टोचतं ते वेगळंच. बंगळूरजवळ ब्यालाळूला इस्रोची ३२ मीटरची डिश आहे. चांद्रयान आणि मंगळयानाशी ती बोलली. आमच्या गावाहून बंगळूरची बस रोज सुटते, आणि तरी कॅनबेराला आत्ता वारं किती आहे ते मला कळतं, ब्यालाळूचं कळत नाही. चांद्रयान-३ उतरलं त्या संध्याकाळी, २३ ऑगस्ट २०२३ ला, दुकानासमोर लोक गोळा झाले होते आणि माझ्या स्क्रीनकडे बघत होते. इस्रोनं असं एक पान काढावं, कानडीत, मराठीत, सगळ्या भाषांत. आदित्य-एल१ पंधरा लाख किलोमीटरवरून सूर्याकडे बघतंय, त्याची डिशवर उतरणारी लहर आमच्या पोरांना दिसू दे.

पहिल्यांदा उघडणार असाल तर रात्री निवांत बसा. आधी मंगळाभोवतीचं एखादं यान शोधा, म्हणजे मिनिटांतला वेळ कळेल. मग जेम्स वेब ही अवकाशातली दुर्बीण बघा, ती पंधरा लाख किलोमीटरवर आहे, जाऊन-येऊन दहाएक सेकंद. शेवटी व्हॉयेजर. ते त्या वेळी कुठल्याच डिशवर नसेल तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळेला बघा, कारण डिश मोजक्या आणि यानं पुष्कळ, प्रत्येकाला आपली पाळी यावी लागते. मे-जूनच्या रात्री मोकळं आकाश मिळालं तर बाहेर येऊन वृश्चिकेतली ज्येष्ठा शोधा आणि तिच्या वर भुजंगधारीकडे नजर न्या. व्हॉयेजर १ त्याच दिशेला आहे, आणि जूनमध्ये मध्यरात्री ते आपल्या बेळगाव भागाच्या जवळजवळ डोक्यावर असतं.