बेरजेची पेटी: ठोकळे चांगले, पट्टी मात्र अपुरी

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील एका दुकानातून मी गेल्या महिन्यात नातीसाठी बेरीज शिकवणारी एक लाकडी पेटी आणली. नात पहिलीत आहे आणि मी स्वतः अनेक वर्षे पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवले आहे, त्यामुळे ६५० रुपये मोजण्याआधी पेटी उघडून नीट पाहिली. तीत लाल आणि निळे प्रत्येकी १० ठोकळे, ० ते २० अंकांची कार्डे, खाचा पाडलेली एक पट्टी, छोटा तराजू आणि ४८ पानांची सरावपुस्तिका आहे.

पुस्तिकेचा क्रम मला मनापासून आवडला. पहिल्या १२ पानांवर एकही बेरीज लिहायला सांगितलेली नाही. अंगणात ३ चिमण्या दाणे टिपत होत्या, आणखी २ आल्या, अशी छोटी गोष्ट वाचून दाखवायची, मुलाने ठोकळे मांडायचे, काय घडले ते आपल्या शब्दांत सांगायचे, मग त्याचे चित्र काढायचे आणि हे सगळे अंगवळणी पडल्यावर १३व्या पानावर ३ + २ = ५ असे लिहायचे. हा धीर फार मोलाचा आहे. चिन्हे आधी घोकून घेतलेली मुले ३ आणि २ शेजारी दिसले की कधी ५ लिहितात, तर कधी सरळ ३२. हे मी वर्गात कितीतरी वेळा पाहिले आहे. नातीने चिमण्यांची गोष्ट मांडताना निळे २ ठोकळे आधी ठेवले, लाल ३ नंतर, आणि मग पेन्सिल हातात धरून विचारले, “आजी, आता २ आधी लिहू का?” उत्तर न देता मी तिला दोन्ही मांडण्या करायला सांगितल्या. दोन्हींचे ठोकळे मोजून झाल्यावर तिने दोन्ही बेरजा एकाखाली एक लिहिल्या. रिकाम्या वाटीची गोष्ट सांगून ४ + ० = ४ पर्यंत नेणारे पानही असेच नेटके आहे.

माझी खरी तक्रार आहे ती पट्टीबद्दल. तिच्यावर अंकांसाठी तीन खाचा आहेत, पण बरोबरचे चिन्ह शेवटच्या खाचेआधी कोरूनच टाकले आहे. त्यामुळे प्रत्येक बेरीज डावीकडून सुरू होते आणि उत्तर नेहमी उजव्या टोकालाच येते. मराठीत ‘बरोबर’ हा शब्द आधीच दोन कामे करतो: उत्तर चुकले नाही म्हणून बाई म्हणतात ते ‘बरोबर’ आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत असे सांगणारे तेही ‘बरोबर’. त्यात अशी पट्टी हाती आली की या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिही’ एवढाच आहे, अशी मुलांची पक्की समजूत होते. नातीने ५ ठोकळ्यांत आणखी एक ठेवला आणि वहीत सलग लिहिले: ३ + २ = ५ + १ = ६. तिची मोजणी अचूक होती, पण लिहिलेले खरे नव्हते, कारण ३ + २ म्हणजे काही ६ नव्हेत. १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने या चिन्हासाठी दोन समांतर रेषा निवडल्या, त्या याहून सारख्या दोन वस्तू असूच शकत नाहीत म्हणून. तो सारखेपणा या पट्टीत कुठेच दिसत नाही. शेवटी मी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची चार खाचांची नवी पट्टी केली, चिन्हांची कार्डे सुटी ठेवली आणि ५ = ३ + २ तसेच ४ + १ = ३ + २ ही मांडणी तिच्याकडून करून घेतली.

हा सारखेपणा तराजूने दाखवायला हवा होता, आणि पेटीत तराजू ठेवण्याची कल्पना उत्तमच आहे. पण ठोकळ्यांचे वजन एकसारखे नाही. एका पारड्यात ७ आणि दुसऱ्यात ४ व ३ ठोकळे ठेवले, तर एक पारडे खाली झुकले आणि नात म्हणाली, “मग हे बरोबर नाही.” तिने डोळ्यांनी जे पाहिले, तेच ती बोलली. समानता शिकवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूत हा दोष मला क्षम्य वाटत नाही. आम्ही ठोकळ्यांऐवजी एकाच साच्याची एक रुपयाची नाणी वापरली, तेव्हा पारडी समपातळीत आली.

बाकी गोष्टी थोडक्यात सांगते. कार्डांच्या एका बाजूला देवनागरी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी अंक आहेत, ते सोयीचे आहे. पुस्तिकेची शेवटची २० पाने मात्र एकाच साच्याच्या रुक्ष बेरजांनी भरली आहेत. आम्ही ती सोडून दिली आणि त्यांऐवजी नातीला स्वतः गोष्टी रचायला लावल्या. ठोकळ्यांचा रंग हाताला लागत नाही आणि कडा गुळगुळीत आहेत.

ज्यांना रोज अर्धा तास मुलाशेजारी बसता येईल, त्यांनी ही पेटी जरूर घ्यावी, मात्र पट्टी घरी करावी आणि तराजूसाठी नाणी जवळ ठेवावीत. मूल एकटे बसून शिकेल या अपेक्षेने घेणार असाल, तर सध्या चिंचोके आणि कोरी वही पुरेशी आहे.