सोनी ए६७०० कॅमेरा घ्यावा का, आणि त्यावर लेन्स कुठली

ए६००० वरून ए६७०० वर आलोय आणि कासचा अख्खा सीझन त्यावर काढलाय, तर आधीच सांगतो, नुसती क्वालिटी वाढेल म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. २४ मेगापिक्सलचे २६ झालेत, चांगल्या उजेडातले दोन फोटो शेजारी ठेवले तर कुठला कशाचा ते कळत पण नाही. पैसे वसूल होतात ते फोकसमध्ये आणि बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनमध्ये. चाळकेवाडीला पवनचक्क्यांखाली गवतातून चंडोल उठला की हा पक्षी ओळखून डोळा धरतो, जुना मागच्या गवतावर जायचा. स्टॅबिलायझेशन ढगाळ दिवशी लय कामाचं, पण एक लक्षात घ्या, त्यानं आपला हात सावरतो, फूल नाही. पठारावर वारा असतोच, त्यामुळं सीतेची आसवं, दवबिंदू असली बारकी फुलं काढताना शटर स्पीड वाढवावाच लागतो, मग उजेड कमी मिळतो, तिथं एफ २.८ ची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी लेन्सच उपयोगी पडते.

म्हणून पहिली लेन्स सिग्मा १८-५० एफ २.८. २९० ग्रॅम फक्त, आणि १८ मिमीला, म्हणजे झूम न करता, फुलाच्या इतकं जवळ जाता येतं की फूल मोठं येतं आणि मागं पठार, ढग सगळं दिसतं, मला कासचा फोटो असाच आवडतो. माउंटला, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते तिथं, रबर सील आहे पण भुरभुर पाऊस असला तरी कव्हर घालाच.

दुसरी सोनी ७०-३५०. पक्ष्यांसाठी घेतात सगळे, मी म्हणतो फुलांसाठी पण घ्या. ३५० ला, म्हणजे पूर्ण झूमवर, दीड मीटरवरून फोकस होतो, म्हणजे पायवाट न सोडता आतलं फूल मिळतं. फोटोसाठी तेरड्यात पाय घालणारे बघितले की जीव तुटतो हो. अंधारून आलं की मात्र एफ ६.३ कमी पडतं.

बॅटरी आता दिवसभर पुरते, पण जुन्या बॅटऱ्या यात बसत नाहीत, एक्स्ट्राचा खर्च धरून चला. कार्डाचा स्लॉट एकच आहे, म्हणजे फोटोंची दुसरी कॉपी सोबत होत नाही, लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी विचार करावा.

बजेट कमी असेल तर बॉडी राहू द्या, आधी लेन्स घ्या, माउंट तोच आहे. फक्त मग सिग्मा नको, तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही आणि ए६००० च्या बॉडीत पण नाही, टॅमरॉन १७-७० घ्या, तिच्यात आहे, एफ २.८ च आहे, वजन तेवढं जवळपास दुप्पट.