ई-रीडरवर बातम्या आणि शासन निर्णय: वर्षभर वापरल्यावर

ई-रीडर घेतला पुस्तकांसाठी, पण वर्षभरात त्यावर जास्त वाचले ते बातम्यांचे फीड आणि शाळेच्या कामाला लागणारे शासन निर्णय.

बातम्यांसाठी कॅलिबरला तोड नाही. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात असंख्य वृत्तपत्रांच्या रेसिपी, म्हणजे लेख कुठून आणि कसे गोळा करायचे याच्या सूचना, तयार आहेत. हवं ते संकेतस्थळ नसेल तर त्याच्या आरएसएसचा (नव्या लेखांची आपोआप ताजी होणारी यादी, म्हणजेच फीड) पत्ता टाकून आपली रेसिपी करता येते. वेळ लावून ठेवली की पहाटे लेख गोळा होऊन एक अंक तयार होतो आणि ईमेलने किंडलवर जातो. मात्र त्या वेळी संगणक चालू आणि कॅलिबर उघडं हवं, शिवाय पाठवणारा ईमेल अ‍ॅमेझॉन खात्याच्या मंजूर यादीत हवा. नव्या रेसिपीत मुळात ७ दिवसांपर्यंतचे आणि एका फीडचे १०० लेख धरलेले असतात. मी १ दिवस आणि २० लेखांवर आणलं. आता सकाळच्या चहाबरोबर अंक वाचून संपतो. संपतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

पीडीएफने मात्र घाम काढला. ए-४ पानाचं अक्षर ६ इंची पडद्यावर मुंगीएवढं होतं. ईपब (पडद्यानुसार मजकूर जुळवून घेणारं ई-पुस्तकाचं स्वरूप) करायला जावं तर मराठीची पार मोडतोड: ‘शिक्षण’मधली वेलांटी सुटून आधीच उभी, रफार भलत्याच अक्षरावर. कारण पीडीएफमध्ये बऱ्याचदा अक्षरांचे आकार पानावर दिसतात त्या क्रमाने साठवलेले असतात, आपण लिहितो त्या क्रमाने नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं परिपत्रक असेल तर निव्वळ इंग्रजी अक्षरांचं कडबोळं हाती येतं.

यावर के-टू-पीडीएफ-ऑप्ट हे मोफत साधन कामाला आलं. ते पानाला चित्र समजतं, मोकळ्या जागा हेरून शब्द सुटे करतं आणि छोट्या पडद्याला बसतील असे पुन्हा मांडतं. शिरोरेषेमुळे आपला शब्द एकसंध असतो, त्यामुळे तो मधे तुटत नाही. अक्षर ठसठशीत दिसतं. चित्र असल्याने शब्दकोश चालत नाही, आणि तक्ते विस्कटतात. तेवढी पानं मी मूळ पीडीएफमध्ये पडदा आडवा करून बघते.

संगणक रोज चालू ठेवणं जमत नसेल आणि यंत्र कोबो किंवा पॉकेटबुक असेल, तर कोरीडर हे वाचनाचं अ‍ॅप टाकून बघा. ते वाय-फायवरून फीड थेट रीडरवरच उतरवून घेतं.