उंचीचा डेटा: एचजीटी की जिओटिफ?

नकाशात उंची उमटत नाही, फॉरमॅट बदलू का, असं एकाने विचारलं. एचजीटी आणि जिओटिफ हे जमिनीच्या उंचीचा डेटा ठेवायचे दोन फाइल फॉरमॅट.

एचजीटी फाइलला हेडरच (सुरुवातीला फाइलविषयीची माहिती) नसतो; जागा कळते ती फक्त नावावरून. 'एन४५ई००६' म्हणजे नकाशाच्या त्या तुकड्याचा नैर्ऋत्य कोपरा: ४५ अंश उत्तर, ६ अंश पूर्व. नाव बदललंत की डोंगर भलतीकडे! अर्धवट डाउनलोड मात्र चटकन पकडता येतं: दर एका आर्कसेकंदाला (अंशाचा ३,६००वा भाग) उंची नोंदलेली फाइल नेमकी २,५९,३४,४०२ बाइटची हवी.

जिओटिफमध्ये स्थान, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) आतच नोंदलेलं, कॉम्प्रेसही होते. पण रूपांतर करताना नोडेटाची नोंद (कोणता आकडा म्हणजे 'इथली उंची माहीत नाही') राहून गेली, तर त्या जागी उणे ३२,७६८ मीटरचे खड्डे दिसतात.

एखादाच तुकडा झटपट बघायचा तर एचजीटी पुरे. तुकडे जोडायचे, प्रक्षेपण बदलायचं, फाइल दुसऱ्याला द्यायची, तर जिओटिफच.