दिवाडीला समुद्र नाही: ‘बीच होमस्टे’च्या नावाखाली झालेली फसवणूक

नाताळच्या सुट्टीत माझ्या ताईच्या कुटुंबाला गोव्यातल्या दिवाडी बेटावर ‘घरगुती बीच होमस्टे’ देतो म्हणून एका माणसाने २०,००० रुपयांना फसवलं. ताई-भाऊजी सांगलीला असतात. बरोबर भाऊजींचे आई-वडील आणि दोन मुलं. मी डिचोलीला राहते, पण आमच्या दोन खोल्यांत एवढी माणसं मावत नाहीत, म्हणून त्यांनी मुक्कामाची सोय परस्पर केली होती. मला कळलं ते थेट जुन्या गोव्याच्या फेरीधक्क्यावरून ताईचा फोन आला तेव्हा. अशा जाहिराती अजून चालू आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

जाहिरात मोबाईलवर दिसली होती. पांढरी वाळू, हिरवंनिळं पाणी, माडाच्या बुंध्याला बांधलेला झोपाळा, आणि खाली ‘आमचं घर, आमच्या आईच्या हातचं जेवण’. फोन केला तर पलीकडचा माणूस स्वच्छ मराठी बोलणारा. पहिल्या वाक्यापासून ‘ताई’, ‘दादा’. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे, म्हणाला. ताईच्या सासऱ्यांना नेमकं तेच बघायचं होतं. हे देऊळ मुळात दिवाडीवर होतं, पोर्तुगिजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला नेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. हा इतिहास त्या माणसाला पाठ होता. गिऱ्हाईक कोण आहे, त्याला काय भावेल, याचा त्यांचा पक्का अभ्यास असतो.

पण ताईचा विश्वास बसला तो ‘आई’मुळे. दुसऱ्या फोनवर त्याने ‘आईशी बोला’ म्हणून एका बाईंना फोन दिला. त्या बाईंनी विचारलं, सासूबाईंना तिखट चालतं का, कुणाला पथ्य आहे का, जिना चढवतो का. नाहीतर खालची खोली देते. एवढं विचारणाऱ्या बाईकडे कोण नोंदणीचा कागद मागणार? मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. हॉटेलवाल्याला आपण दहा प्रश्न विचारतो. घरच्या माणसासारखं बोलणाऱ्याला विचारायला संकोच वाटतो, आणि या टोळीने नेमका तो संकोच हेरला आहे.

आगाऊ म्हणून १४,००० रुपये गेले. निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन: बेटावर मुक्काम करायचा तर परवाना लागतो, माणशी १,००० रुपये, जाताना परत मिळतील. सहा माणसांचे ६,००० गेले. असा कुठलाही परवाना नाही. दिवाडी हे माणसांनी गजबजलेलं बेट आहे. चर्च, शाळा, शेतं, दुकानं सगळं आहे, आणि सरकारी फेरीबोटीतून कुणीही जाऊन येतं. दोन्ही वेळा पैसे देताना स्क्रीनवर नाव आलं होतं ते कुठल्यातरी ट्रेडर्सचं. विचारल्यावर तो म्हणाला, मामाचं खातं आहे.

जुन्या गोव्याला पोचल्यावर त्याने बाकीचे पैसे मागितले, म्हणजे पलीकडे गाडी पाठवतो. भाऊजींनी आधी घर बघतो म्हणून सांगितलं आणि त्यानंतर फोन बंद झाला. तशीच मंडळी फेरीने पलीकडे गेली. मी नार्व्याहून फेरी पकडून बेटावर आले.

नकाशावरच्या खुणेवर घर होतं. पिएदाद गावातलं जुनं घर, पुढे बाल्कांव म्हणजे बसायची ओसरी, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं. त्यात एक वयस्कर बाई राहतात. त्यांनी आम्हांला बघून कपाळाला हात लावला. असे लोक याआधीही त्यांच्या दारात आले होते. त्यांच्या घराचा फोटो कुणीतरी रस्त्यावरून काढून जाहिरातीत घातला आहे, त्यांना पत्ताही नव्हता. ताईच्या सासूबाईंनी विचारलं, समुद्र कुठल्या बाजूला? त्या म्हणाल्या, “हांगा दर्या ना गो बाय, न्हंय आसा.” म्हणजे इथे समुद्र नाही, नदी आहे. म्हाताऱ्या माणसांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. ज्यांच्या नावावर आम्ही लुटले गेलो त्यांनीच आमची विचारपूस केली.

दिवाडी मांडवी नदीत आहे. भोवती खारफुटी, खाजन शेती (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली), गाळाचा काठ. पांढऱ्या वाळूचा किनारा तिथे नाहीच. तिथे बसूनच मी जाहिरातीतले फोटो मोठे करून पाहिले. वाळूत ओढलेल्या होडीला दोन्ही बाजूंनी बांबूचे आधार होते. आपल्याकडे अशा होडीला आधार एकाच बाजूला असतो. दोन्ही बाजूंचे फिलिपिन्सकडच्या होड्यांना असतात. तोच फोटो टाकून इंटरनेटवर तो मूळ कुठला आहे ते शोधलं, तर तिकडच्याच एका बेटाचा निघाला. दूरदेशीचा किनारा, दिवाडीचं घर आणि मराठी बोलणारी आई, असं जोडून ते ‘होमस्टे’ तयार केलं होतं.

मग १९३० ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची देशभरची हेल्पलाइन आहे. त्यांनी रक्कम, वेळ, बँक आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक विचारला. तो ॲपमधल्या पावतीवर असतो. पावत्या, जाहिरात, चॅट, सगळ्याचे स्क्रीनशॉट ताबडतोब काढा. आम्ही काढेपर्यंत त्याने अर्धे मेसेज पुसले होते. फेरीने रायबंदरला उतरून तिथल्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. परवान्याच्या नावाने घेतलेल्या पैशांपैकी ४,००० रुपये एका खात्यात गोठवले गेले, कारण ती रक्कम आदल्याच दिवशी गेली होती. आधीचे १४,००० खात्याखात्यांतून कधीच पुढे सरकले होते. गोठलेले पैसेही अजून हातात आलेले नाहीत. तक्रारीत तास महत्त्वाचे असतात, दिवस नव्हे.

गोव्यात पर्यटकांना पैसे घेऊन ठेवायचं तर घरालाही पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते; १९८२ चा कायदा आहे. तेव्हा नोंदणीचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचं नाव पैसे घेणाऱ्या खात्याच्या नावाशी जुळवा. व्हिडिओ कॉलवर खोलीतून चालत बाहेर रस्त्यापर्यंत यायला सांगा. दिवाडीवर प्रामाणिकपणे पाहुणे ठेवणारी घरं आहेत. त्यांच्यापैकी एका घरात ताईची मंडळी शेवटी राहिली. त्या घरच्या मालकांनी न मागता प्रमाणपत्र दाखवलं, खोली दाखवली, आणि पैसे निघताना द्या म्हणाले.

गेल्या आठवड्यात तीच होडी आणि तोच झोपाळा पुन्हा दिसला, या वेळी ‘चोडण बेटावरचं आमचं घर’ म्हणून. चोडणही मांडवीतच आहे, तिथेही समुद्र नाही. फोन नंबर नवा आहे. आमच्या तक्रारीला ती जाहिरात जोडली आहे. तुम्हांला दिसली तर पैसे देऊ नका, स्क्रीनशॉट काढून १९३० ला कळवा.