गटात जायचं की गटाबाहेर राहायचं?

सरकारी कार्यालयात रुजू झालं की थोड्याच दिवसांत कळतं, कोण कोणाच्या गटातलं. मग प्रश्न येतो: आपण कुठे बसायचं?

गटाचे फायदे खरे आहेत. आतली बातमी लवकर कळते, फाईल अडत नाही, वार्षिक मूल्यमापनात शेराही बरा पडतो. सरकारी कामाला नफ्यातोट्याची फूटपट्टी बहुतेकदा लागत नाही, त्यामुळे वरिष्ठांच्या मताला वजन येतं आणि राजकारण नेमकं तिथेच शिरतं. पण साहेबांची बदली झाली की तुम्ही ‘जुन्यांची माणसं’. त्याआधीच टिप्पणीत काय योग्य आहे यापेक्षा काय रुचेल हे लिहायची सवय लागलेली असते. समोरच्या गटातला माणूस साधी आकडेवारी द्यायलाही चार दिवस लावतो, ते वेगळंच.

गटाबाहेर राहिलात तर सही आणि मत तुमचं राहतं. इथला धोका मात्र चटकन दिसत नाही. अभ्यासक एरान विगोडा यांनी इस्रायलमधल्या ३०३ सार्वजनिक कर्मचाऱ्यांची पाहणी करून २००० साली निष्कर्ष मांडले. कार्यालयात राजकारण चालतं असं ज्यांना अधिक वाटे, त्यांच्यात नोकरी सोडण्याचा विचार अधिक होता. पण कामातल्या हलगर्जीपणाशी असलेला संबंध त्याहून घट्ट निघाला. वरिष्ठांनी नोंदवलेल्या कामगिरीशी मात्र तो क्षीणच होता. एकाच पाहणीवरून कार्यकारणभाव ठरत नाही, तरी मला त्यात ओळखीचं चित्र दिसतं: पक्की नोकरी कोणी सोडत नाही, हात तेवढा आखडता घेतो. अलिप्त माणूस याच वाटेला लागू शकतो.

तिसरी वाट ‘राजकीय कौशल्या’ची. कार्यालयीन राजकारणाचे अभ्यासक जेराल्ड फेरिस आणि सहकाऱ्यांनी त्याची चार अंगं सांगितली: माणसं ओळखणं, त्यांना वळवणं, ओळखी जोडणं आणि प्रामाणिक वाटणं. (‘असणं’ नव्हे, ‘वाटणं’! इथे मी अडखळतो.)

माझा कौल असा. खरेदी, मंजुरी, तपासणी असं टेबल असेल तर गटाबाहेरच राहा. काम चार विभागांवर अवलंबून असेल तर चारही ठिकाणी बोलणं ठेवा, चहा एकाच टोळक्याबरोबर नको. आणि तोंडी आदेश मिळाला की त्याच दिवशी ‘आपल्या सूचनेनुसार’ असं लिहून टिपण पाठवा, मग साहेब कोणत्याही गटाचे असोत.