घट्ट धरणारी खुर्ची की अंगासोबत झुकणारी?

कुकरची शिट्टी झाली की माझ्या धाकट्या भावाचं अंग धनुष्यासारखं ताणलं जातं. त्याला डिस्कायनेटिक सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मानंतरची कावीळ मेंदूपर्यंत पोचली आणि हालचालींवर ताबा ठेवणारा भाग दुखावला. हात, पाय, मान त्याला न विचारता हलतात. बोलताना, चिडल्यावर, खूश झाल्यावर जास्तच. गाढ झोपेत मात्र सगळं शांत. सात वर्षांपूर्वी अशाच एका शिट्टीला तो घडीच्या व्हीलचेअरसकट मागे उलटला. डोकं ओट्याच्या कडेपासून चार बोटांवर राहिलं. तेव्हापासून आम्ही चार प्रकारच्या खुर्च्या बघितल्या, त्यातल्या तीन वापरल्या. ज्यांच्या घरी हा निर्णय व्हायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

घडीच्या खुर्चीची सोय मी नाकारत नाही. रिक्षाच्या मागे मावते, पंक्चर झालं तर सायकलवालासुद्धा काढून देतो. पण तिची रेक्झिनची सीट काही महिन्यांत झोळीसारखी खोल जाते, कंबर एका बाजूला कलते आणि माणूस पुढे घसरत राहतो. मग घरचे बांधायला लागतात. आई जुन्या सुती साडीची पट्टी त्याच्या छातीभोवती बांधायची. एकदा तो खाली घसरला आणि पट्टी काखांतून वर सरकत गळ्याशी आली. दोन्ही काखांत लाल वळ होते, ते दुसऱ्या दिवशीही दिसत होते. कंबरेचा पट्टा नसेल तर छातीचा पट्टा लावूच नका, गळा आवळला जाऊ शकतो. कंबरेचा पट्टाही पोटावर नको. मांडी आणि धड जिथे दुमडतं तिथे, सीटशी साधारण 45 ते 60 अंशांत तो खाली ओढलेला हवा. झटके जोरदार असतील तर चार टोकांचा पट्टा घ्या, दोन टोकांचा वर सरकतो. प्रवासासाठी घडीचीच ठेवायची असेल तर सीटवर फळी आणि फोम, असा पट्टा आणि मागे उलटू न देणारी छोटी चाकं एवढं करून घ्याच.

अपंगांना साधनं देणाऱ्या सरकारी एडीआयपी योजनेच्या शिबिरात मिळणारी सीपी चेअर, म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठीची खुर्ची, लहान मुलांना खरंच उपयोगी पडते. 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, उत्पन्नाची अट असते. 12 वर्षांखालच्या मुलाला वर्षाने पुन्हा साधन मिळू शकतं, मोठ्यांना 3 वर्षं थांबावं लागतं. वाढत्या वयात हा फरक मोठा आहे. एक गोष्ट मात्र सांगते. मांड्यांच्या मधला ठोकळा गुडघे एकमेकांपासून लांब ठेवायला असतो. घसरणं थांबवायला त्याचा वापर केला तर सगळा दाब जांघेत येतो. घसरणं थांबवायचं तर सीटच मागे खोल आणि पुढे उंच करून घ्यावी लागते.

मोठ्या माणसासाठी खरी निवड पुढच्या दोन खुर्च्यांत आहे.

पहिली टिल्टची. हिच्यात सीट आणि पाठ यांचा कोन बदलत नाही, अख्खी बैठकच मागे झुकते. बुडावरचा भार पाठीवर जातो, मान टेकते, दुपारी थकलेल्या अंगाला विसावा मिळतो. दुकानात हिच्याऐवजी नुसती पाठ मागे पडणारी खुर्ची दाखवतात, “आरामात झोपता येईल” म्हणून. माझ्या भावासारख्या माणसाला ती बहुधा नको. कंबरेचा कोन उघडला की ताण सुटण्याऐवजी वाढतो आणि पाठ घासत माणूस खाली येतो. टिल्टची अडचण वजनाची आणि आकाराची. ती जड असते, दुमडत नाही, मागे झुकल्यावर लांब होते. आमच्या जुन्या इमारतीच्या लिफ्टचं दार ती झुकलेली असताना बंदच होत नाही. आणि जेवताना तिला सरळ करायलाच हवं, मान मागे टाकून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

दुसरी डायनॅमिक. पाठीच्या सांध्यात, कधी पायाच्या आधारातही, स्प्रिंग किंवा जाड रबर असतं. अंग ताणलं की पाठ त्याच्यासोबत मागे जाते आणि ताण ओसरला की परत जागेवर येते. पक्क्या पाठीवर हाच झटका भिंतीला धडक दिल्यासारखा बसतो, त्यात कधी नटबोल्ट तुटतात, कधी कातडी सोलवटते. भावाला ही खुर्ची पहिल्यांदा दिली तेव्हा शिट्टीला तो नेहमीसारखा ताणला, पाठ मागे गेली, परत आली आणि त्याने बोलायला घेतलेलं वाक्य पुरं केलं. मी ते विसरणार नाही. पण हिच्यातही खोट असू शकते. पाठीचा सांधा कंबरेच्या सांध्याच्या जवळपास नसेल तर प्रत्येक झटक्याला अंग सरकतं आणि हेडरेस्ट मानेऐवजी टाळूला लागतं. स्प्रिंग माणसाच्या ताकदीला जुळवावी लागते. महाग तर आहेच, शिवाय सुटे भाग गावात मिळत नाहीत.

माझं मत असं: झटके अचानक आणि जोराचे असतील, खुर्च्या मोडत असतील, तर डायनॅमिक पाठ, आणि जमलं तर टिल्टसह. मुख्य त्रास थकव्याचा, मान न धरण्याचा असेल तर टिल्ट पुरते. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारातही अंग न विचारता हलतं, पण त्याचं गणित थोडं वेगळं. तो बहुधा मोठेपणी सुरू होतो, वजन उतरत जातं, हाडं वर येतात. तिथे चारी बाजूंनी जाड गादी, पायांना मऊ पेटीसारखा आधार आणि झुकणारी बैठक आधी बघा. कॅनडातल्या ब्रोडा कंपनीच्या, पट्ट्या ताणून केलेल्या बैठकीच्या खुर्च्या अशा रुग्णांसाठी वापरतात, त्यांची रचना बघून ठेवण्यासारखी आहे.

हातपाय बांधावेत का, हे ज्याचे हात आहेत त्याला विचारा. माझा भाऊ डावा हात पट्ट्यात अडकवून मागतो, तो हात थांबला की उजव्याने ट्रेवरच्या अक्षरांवर बोट ठेवता येतं. सोडवायचा असेल तेव्हा तो दाराकडे बघतो, ही आमची ठरलेली खूण. दुसऱ्या कुणाला तोच पट्टा नकोसा होईल, शिवाय जोराच्या झटक्यात बांधलेल्या हाताला इजा होऊ शकते.

एका दुकानात भावाचं माप तो शांत बसलेला असताना घेतलं. घरी आल्यावर क्रिकेटची मॅच लागली आणि पाय फूटप्लेटवरून सुटून पुढच्या चाकात गेला. म्हणून आता आम्ही चाचणीला मोबाईलवर मॅच घेऊन जातो. दीड-दोन तास बसवतो, तिथेच भरवतो, हसवतो. उठवल्यावर माकडहाड, काखा आणि टाचा बघतो. अर्ध्या तासानंतरही लाली गेली नाही तर ती खुर्ची परत. सोबत ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजच्या हालचाली आणि कामं जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) असतील तर पट्ट्याचा कोन त्यांनाच लावायला सांगतो आणि त्या जागेवर पेनाने खूण करून घेतो.